गंजायला ठेवलेल्या पट्ट्या

माझ्या लग्नात मुकादम सर आधी स्टेजकडे आले नाहीत, मांडवाच्या खांबाकडे गेले. लोखंडी पाइपाचा खांब, वर झालर गुंडाळलेली. सरांनी झालर बाजूला केली, उजव्या अंगठ्याचं नख पाइपावर घासलं, नखात आलेली तांबूस भुकटी आधी डोळ्यांजवळ नेली, मग नाकाजवळ. माझ्या नणंदा एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

"कोन गो ह्ये? मांडववाल्याचा मानूस काय?"

"माझे सर आहेत," मी म्हटलं.

सर वर आले. आशीर्वाद राहिला बाजूला, पहिलं वाक्य आलं, "म्हात्रे, जेवणं झाली की लोकांना त्या खांबापासून लांब बसव. बुडाशी राहिलंय काय त्यात? कागद!" मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "हिला सांभाळा असं मी म्हणणार नाही. ही तुम्हाला सांभाळेल."

हे नख कुठेही चालायचं. बँकेच्या जाळीवर, एसटीच्या दांड्यावर, कुणाच्या दुखवट्याला गेले तर त्या घराच्या फाटकावर. माणसाला नमस्कार नंतर, लोखंडाला आधी. लोक हसायचे. मीही हसायचे, पण मला त्या नखाचा रागही तितकाच आला आहे. का, ते सांगते.

सर मूळचे मुरूडच्या बाजूचे, कोकणी मुसलमान. वडील जहाजावर खलाशी. सर आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मटेरियल सायन्स शिकवायचे आणि टेस्टिंगची लॅब सांभाळायचे. मी आगरी, मिठागरावरची. बापानं आधी मीठ ओढलं, मग ट्रक चालवला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे.

पहिल्या प्रॅक्टिकलला सरांनी मशिनीत सळई अडकवली आणि म्हणाले, "ही ओढून तोडायची आहे. किती वजनाला तुटेल, प्रत्येकानं बोर्डावर लिहा." पोरं धडाधड आकडे लिहायला लागली. माझी पाळी आली. मला काडीचीही कल्पना नव्हती. मी खडू हातात धरून म्हटलं, "सर, मला माहीत नाही."

"मग तेच लिही."

मी लिहिलं, माहीत नाही, म्हात्रे. वर्ग खिदळला. सळई तुटली तेव्हा बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला, अर्धा वर्ग मागे सरकला. एकाचाही आकडा जवळपास नव्हता. सर बोर्डापाशी गेले, सगळे आकडे पुसले आणि माझं तेवढं ठेवलं. "ही एकटी बरोबर," म्हणाले. बाकीच्यांना वाटलं माझं कौतुक झालं. मला वाटलं, माझं अडाणीपण बोर्डावर टांगून ठेवलं. आठवडाभर ते तसंच होतं. कुणी पुसलं नाही, सरांनी पुसू दिलं नाही.

कॉलेज संपल्यावर मी त्याच लॅबमध्ये कंत्राटावर लागले आणि सरांच्याच हाताखाली एमई सुरू केलं. तेव्हा कळलं की या माणसाबरोबर काम करणं म्हणजे काय छळ असतो. कॉन्ट्रॅक्टर सळ्यांचे तुकडे टेस्टिंगला घेऊन यायचे, छान घासूनपुसून निवडलेले. सर ते तुकडे बाजूला ठेवायचे आणि साइटवर जाऊन स्वतःच्या हातानं दुसरे कापून आणायचे. "नवरी दाखवताना धाकटी दाखवायची आणि लग्नात थोरली उभी करायची, तसलं काम आहे हे," असं कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडावर सांगायचे. हळूहळू कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या लॅबकडे वळले. प्रिन्सिपॉल वैतागायचे. सर त्यांना शांतपणे सांगायचे, "घाई असेल त्यानं वडापावची गाडी टाकावी. लोखंडाला घाई नसते."

माझ्या एमईचा विषयही त्यांनीच काढला. बाजारात एक महागडं पोलाद मिळतं, तांबं मिसळलेलं. त्याची ख्याती अशी, की त्याच्यावर पहिला गंज चढला की तोच सालीसारखा घट्ट बसतो आणि आतलं लोखंड वाचवतो, रंगही लागत नाही. किनाऱ्यावरच्या शेडना, कठड्यांना हेच घाला म्हणून विकणारे मागे लागायचे. सरांचा प्रश्न एकच, "आपल्या खाऱ्या हवेत ती साल धरते का? कुणी बघितलंय इथं?" म्हणून आम्ही साध्या पोलादाच्या आणि या महागड्या पोलादाच्या तळहाताएवढ्या पट्ट्या कापल्या, नंबर ठोकले, काचेच्या पेटीतल्या काट्यावर तोलल्या आणि रेवसच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी, कोळ्यांच्या जेटीवर एका लाकडी मांडणीवर समुद्राकडे तोंड करून बसवल्या. काही पट्ट्या वर्षानं काढायच्या, काही दोन वर्षांनी. गंज आम्लात विरघळवायचा, उरलेलं लोखंड तोलायचं. घटलं किती, तेवढं समुद्रानं खाल्लं. बस. सगळा प्रयोग एवढाच.

मांडणी दिसायला बोंबील वाळवायच्या बांबूंसारखी. त्यामुळे जेटीवर आमची थट्टा ठरलेली. धर्मा नाखवा म्हणून तिथले एक वडीलधारे, मोठ्या होडीचे मालक. ते रोज विचारायचे, "काय सर, सुकलं का तुमचं लोखंडाचं बोंबील? बाजारात कवा नेताव?"

सर म्हणायचे, "नाखवा, अजून कच्चे आहेत. वास येऊ दे."

घरी बापानंही थट्टा सोडली नाही. "लोखांड गंजतं का न्हाय ह्ये बगाया कालेज कशाला? आमच्या घमेल्याला वर्सात भोक परतं मिठावर. त्याला कुनी डिगरी दिली न्हाय."

पण नाखवांचं आणि सरांचं छान जमलं. होडीच्या पंख्याजवळचा दांडा गंज का खातो, तिथं जस्ताचा ठोकळा का लावायचा, हे सरांनी त्यांना जेटीवर उकिडवं बसून समजावलं होतं. तो दांडा पुढं टिकला, आणि जेटीवर सरांचा शब्द चालायला लागला. आमचं वाटोळं झालं ते या मायेपायी.

पहिल्या वर्षाच्या पट्ट्या निघाल्या, तोलल्या. दुसऱ्या वर्षाच्या निघायला थोडे महिने राहिले होते. माझं सगळं त्यावर होतं. त्या आकड्यांवर थिसिस पुरं होणार, थिसिस झालं की कॉलेजात पक्क्या लेक्चररच्या जागेला अर्ज करता येणार. जागा निघालेली होती. आमच्या घरात पक्की नोकरी कुणी बघितलेली नव्हती.

नारळी पुनवेच्या आधी कोळी होड्या रंगवतात हे मला माहीत होतं. पुनवेनंतर आम्ही जेटीवर गेलो. सर स्कूटर लावेपर्यंत मी पुढं पोचले आणि तिथंच थिजले. आमची मांडणी निळी होती. तिच्यावरच्या पट्ट्या निळ्या, कडेला पिवळी रेघ, मधोमध लाल ठिपका. नाखवांच्या होडीचे रंग. वर झेंडूची माळ, मांडणीच्या पायाशी हळदकुंकू आणि फोडलेल्या नारळाची करवंटी.

नाखवा धावत आले. चेहऱ्यावर मुलगी चांगल्या घरी दिल्याचं समाधान.

"सर, तुमच्या पट्ट्या पार कामातना गेल्या व्हत्या बगा. गंजून चालल्या, कुनी बगना. पोरांना बोललो, ह्यो मानूस आपल्यासाठी येवढं करतो, त्याचं लोखंड सरतंय आन् आपुन काय बगत बसाचा? तारेच्या ब्रशनं घासून घासून सगला गंज काढला, मंग रेड ऑक्साइड, मंग दोन हात रंग. आता धा वर्सा बगाया नको!"

माझ्या तोंडातून "अहो नाखवा, हे काय..." एवढंच बाहेर पडलं. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प झाले. त्यांनी एका पट्टीवरून अंगठा फिरवला. नख लावलं नाही, अंगठाच फिरवला.

"रंग एकसारखा बसलाय, नाखवा," ते म्हणाले. "कुठं ओघळ नाही."

"मंग! आमच्या पोरांचा हात हाय."

नाखवांच्या घरी आम्ही चहा घेतला, नारळीभात खाल्ला. मी माझा बराचसा पानातच ठेवला. सर दुसऱ्यांदा मागून घेऊन खात होते.

परतताना स्कूटरवर मी मागून ओरडत होते. "सर, त्यांना सांगायचं तरी! त्यांनी काय केलंय ते!"

"काय सांगू? त्यांनी आपल्याला स्वतःच्या होडीत बसवलं. होडीला जो रंग तोच आपल्याला. आता त्यांना सांगू, की बाबांनो, आम्ही मुद्दाम गंजायला ठेवलं होतं?"

"हो, तेच सांगायचं!"

"ते पुढच्या वेळी मांडायच्या आधी सांगायचं. ती चूक माझी. बोंबलाच्या गमतीत मी कामाचं बोललोच नाही."

मी रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तोडगा मांडला. रंग काढू, पट्ट्या आम्लात घालू, तोलू. रंग काही दिवसच तर होता. दोन वर्षांत समुद्रानं खाल्लं त्याच्यात काय मोठा फरक पडणार? काढायच्या तारखेला काढल्या असं धरू. कुणाला कळणार आहे?

"ब्रशनं घासलं तेव्हा गंजाबरोबर लोखंड किती गेलं?" सर म्हणाले.

"थोडंच गेलं असेल."

"किती?"

"सर, माहीत नाही."

"मग तेच लिही," ते म्हणाले.

मला त्या बोर्डाची आठवण झाली आणि इतकी चीड आली की हातातली पहिल्या वर्षाची पट्टी मी टेबलावर आपटली. म्हटलं, "सर, तुमचं सगळं झालंय. पगार आहे, घर आहे, नाव आहे. माझं काय? माझा बाप ट्रक चालवतो. मला 'माहीत नाही' परवडत नाही!"

त्यांनी पट्टी उचलून तिचा नंबर बघितला. मग म्हणाले, "म्हात्रे, तुझं खरं आहे. तुला परवडत नाही. पण ज्या कागदावर मला माहीत नसलेलं लिहिलंय, त्याच्यावर मी सही कशी करू, ते मला सांग. तू सांगशील तर करतो."

मी कागद पुढं केला नाही. हे मी आजही न्यायाचं मानत नाही. ओझं उचलून माझ्याच डोक्यावर ठेवलं त्यांनी.

थिसिस अर्धं गेलं, पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर. त्यात एक ओळ घालावीच लागली, की स्थानिक रहिवाशांनी नमुने रंगवल्यामुळे पुढचा प्रयोग थांबला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक ती ओळ वाचून हसायला लागले ते थांबेनात. "रंगवले? माळ पण घातली का?" मी म्हटलं, "हो, घातली होती." पास झाले, जेमतेम. पक्की जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचे आकडे सगळे गुळगुळीत होते, एकही पट्टी कुणी रंगवलेली नव्हती.

मी काही महिने सरांशी कामापुरतंच बोलले. त्यांनी मात्र नवीन पट्ट्या कापायला घेतल्या होत्या. एक दिवस काट्याजवळ बसून म्हणाले, "नजर कमी झालीय, शेवटचा आकडा नीट दिसत नाही. तू वाच, मी लिहितो." मला माहीत होतं त्यांना नीट दिसतं. मी वाचायला बसले.

यावेळी मांडायच्या आधी सरांनी सगळी जेटी गोळा केली. कोळणी टोपल्या उतरवून बसल्या. सर म्हणाले, "ही पट्टी म्हणजे आजारी माणूस. आपल्याला बघायचंय की औषध न देता तो किती दिवस काढतो. दया करायची नाही."

एक म्हातारी म्हणाली, "मंग तुमी डाक्टर न्हाय, खाटीक."

"व्हय, तसंच समज, मावशी," सर म्हणाले. नाखवा मात्र मान खाली घालून उभे होते. त्यांच्या सगळं लक्षात आलं होतं. त्या दिवसापासून मांडणीला शेळी जरी लागली तरी ते काठी घेऊन धावायचे. मोठं वादळ येणार म्हणून होड्या ओढून घ्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी सरांना फोन केला, "मांडनी आत घेऊ का ठेवू?"

"ठेवा. वादळ पण हवामानच आहे."

नाखवांच्या होडीची एक बाजू त्या वादळात फुटली. आमची मांडणी वाकली, पण उभी राहिली. नाखवा दोन्हीकडे बघून म्हणाले, "तुमचं गंजायचं ते टिकलं, माझं टिकायचं ते फुटलं. देवाचा हिसाब बग, बाय!"

पट्ट्या निघायच्या आधीच सर निवृत्त झाले. बायको आधीच गेलेली, म्हणून मुलीकडे पुण्याला गेले. कॉलेजला आता गंजात रस नव्हता. मी कंत्राटावरच होते, तरी लॅबचा तो कोपरा सोडला नाही. सरांचा आठवड्याला फोन. "पुण्यात करमत नाही गं, म्हात्रे. काही गंजतच नाही इथं. बाल्कनीच्या गजावर नख घासलं, नख तुटलं." मग आवाज खाली आणून, "आपल्या पट्ट्या कशा आहेत?" मी म्हणायचे, "आहेत तशाच, सर, गंजतायत." ते म्हणायचे, "शाबास," जसं काही मीच गंजवत होते.

शेवटच्या पट्ट्या काढल्या तेव्हा सर हॉस्पिटलात होते. किडन्या थकल्या होत्या. मी पट्ट्या लॅबमध्ये आणल्या आणि कामाला लागले. आम्लात बुडवायची, धुवायची, वाळवायची, तोलायची. पुन्हा बुडवायची, पुन्हा तोलायची. वजन उतरायचं थांबलं की समजायचं, गंज संपला आणि खरं लोखंड लागलं. दुपारी सरांच्या मुलीचा फोन आला. तिनं फोन त्यांच्या कानाला लावला.

"रंग कुणी लावला नव्हता ना?" हे पहिलं.

"नाही, सर."

"मग? धरली का सालीनं?"

"सर, अजून वजन उतरतंय. थांबलं नाही. उद्या सांगते."

"अगो, अंदाजे सांग."

"अंदाज माहीत नाही, सर."

उशीवर फोन घासल्याचा आवाज आला. मग ते हसले की खोकले, कळलं नाही. "तौबा! मलाच? अगो, मला तरी सांग. मी काय परीक्षक आहे?" पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात घाई होती. उभ्या आयुष्यात वडापावची गाडी टाकायला निघालेला हा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला.

माझ्या समोर आकडा होता. पक्का नव्हता, पण होता. मी म्हटलं, "उद्या, सर. नक्की."

"उद्या तर उद्या," ते म्हणाले. "चुकून बरोबर शिकवलं मी तुला."

सकाळी वजन स्थिर झालं. तीनदा तोलून बघितलं. मी फोन लावला. मुलीनं उचलला, आणि तिच्या नुसत्या श्वासावरून मला समजलं.

लोक म्हणतात, अशा वेळी रडू येतं. मला आधी राग आला. सरांचाच. एवढं सगळं शिकवलंत, मग त्यात एका दिवसाची तरी सूट ठेवायची होती.

त्यांना गावी आणलं. असरच्या, उतरत्या दुपारच्या नमाजानंतर दफन होतं. कब्रस्तान समुद्रावरच, बाहेर लोखंडी फाटक. बायकांनी आत जायचं नसतं, मी फाटकाशी उभी राहिले. नाखवा आले होते. आता पार वाकले आहेत, नातवाच्या गाडीवरून आले. ते आत जायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"नाखवा, मूठमाती देताना त्यांना सांगा, की फरक नाही."

"कसला फरक?"

"महागड्या लोखंडात आणि साध्यात. आपल्या हवेत दोन्ही सारखंच गंजतं. साल धरत नाही. एवढंच सांगा, फरक नाही. ते समजतील."

नाखवांनी ओठांतल्या ओठांत ते दोन शब्द म्हणून बघितले आणि आत गेले. गजांतून मला दिसत होतं. माणसं एकामागून एक पुढे होऊन माती देत होती. नाखवांची पाळी आली, ते वाकले आणि इतरांपेक्षा थोडा जास्त वेळ वाकलेलेच राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी हात झटकले. "सांगितला," म्हणाले. चार पावलं चालून गेले, मग थांबले आणि मागे वळले.

"पन बाय, फरक न्हाय तर येवढी वर्सा कशाला घालवली तुमी दोघांनी?"

मी खाली हाताकडे बघितलं. माझ्या अंगठ्याच्या नखात फाटकाचा गंज भरला होता, कधी घासलं मलाच आठवत नव्हतं.